खोडलेली ओळ

तायडे मामा गेले हे मला चार दिवसांनी कळलं, आणि तेही कॅन्टीनवाल्या बाईकडून. चहाचा कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "ते तायडे मामा वारले म्हंते, अचलपूरले." कधी, म्हटलं. "रविवारी." त्या दिवशी गुरुवार होता. मला त्या बाईचा राग आला, दवाखान्यात एक फोनही न करणाऱ्या मामांच्या मुलाचा आला, आणि संध्याकाळी नोटीस बोर्डावर जी चिठ्ठी लागली तिचा तर भयंकरच आला. 'शांत, मितभाषी व मनमिळाऊ.' अहो, जो माणूस अकोल्याच्या या डोळ्यांच्या दवाखान्यात पंचवीस वर्षं सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलत राहिला, त्याला मितभाषी म्हणता? मग लक्षात आलं, चिठ्ठी लिहिणारा मुलगा नवीन आहे. त्यानं मामांच्या नोकरीची शेवटची दोन वर्षंच पाहिली होती. त्याचं काही चुकलं नव्हतं.

दवाखान्यात वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येक बाप्याला मामा आणि बाईला मावशी म्हणतात. पण 'मामा' अशी नुसती हाक आली तर बाकीचे चौघं मान वर करायचे नाहीत. ते नाव तायडे मामांचंच होतं. ठेंगणा, पोट सुटलेला माणूस, पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि कायम खांद्यावर एक गमछा. पेशंटला ते नावानं कधी हाक मारायचे नाहीत, गावानं मारायचे. "ए पातूर, मान खाली." "मूर्तिजापूर, जेवली का नाई तू?" मी पहिल्या दिवशी म्हटलं, "मामा, माणसाला नाव असतं." मी अमरावतीची, शिकून आलेली, तपासणीच्या खोलीत बसणारी, आणि अंगात नव्या नोकरीची खुमखुमी. मामा म्हणाले, "ताई, नाव तं मायबापानं ठेवलं. गाव इचारलं की मानूस मोकया होते. तुमी इचारून पाहा." मी विचारून पाहिलं नाही. मला ते गावंढळ वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मामांचं खरं काम सामान हलवायचं, पेशंटला स्ट्रेचरवर घ्यायचं. पण करायचे ते वेगळंच. आमच्याकडे डोळ्याचा मागचा पडदा सुटलेली माणसं येतात. कुणाला मार लागलेला, कुणाच्या चष्म्याचा नंबर मोठा, कुणाचं आपलं कारण नसताना. त्यावर डॉक्टर एक तर डोळ्याभोवती बाहेरून सिलिकॉनचा बारीक पट्टा बांधतात, किंवा आत वायूचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा वर जातो, म्हणून पेशंटनं दिवसचे दिवस पालथं राहायचं, तोंड खाली, म्हणजे तो मागच्या पडद्याला दाबून धरतो. हे आम्ही शिकलेली माणसं सांगायला लागलो की समोरचा माणूस नंदीबैलासारखी मान हलवायचा आणि खाटेवर जाऊन खुशाल उताणा पडायचा.

मामा सांगायचे तेव्हा जमिनीवर झोपायचे. गमछ्याची चुंबळ करून कपाळाखाली घ्यायचे आणि पालथे पडून खालूनच बोलायचे, "असं. नाक फरशीकडं. जेवाचं असंच, बोलाचं असंच. सून भांडाले आली तरी वर पाहाचं नाई." लोक हसायचे आणि ऐकायचे. वरुडकडचा एक संत्र्याचा मोठा बागायतदार होता, त्याला पालथं झोपायची लाज वाटत होती. लोक भेटायला येतात, कसं दिसतं ते, म्हणे. डॉक्टर रागावले, बायको रडली, गडी ऐकेना. दुपारी पाहते तर त्याच्या खाटेखाली जमिनीवर मामा उताणे पडलेले, वर खाटेच्या कडेवरून त्या माणसाचं तोंड खाली लोंबलेलं, आणि दोघांच्या संत्र्यावरच्या रोगाच्या गप्पा चाललेल्या. मामांना बागेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण साडेतीन तास ते तिथं पडून राहिले. उठले तेव्हा पाठ धरली होती. दुसऱ्या दिवशी बागायतदारानं स्वतःच मान खाली घातली आणि भेटायला येणाऱ्यालाच जमिनीवर बसवायला लागला.

पट्ट्याचं मामांनी मला जे सांगितलं ते कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. "पायजाम्याचा नाडा समजा ताई. ढिला बांधला तं पायजामा सुटते. लय आवयला तं जीव घाबरते. डोयाचं तसंच. आवयला की रक्त आत येत नाई. पडदा चिटकवनं डाक्टरचं काम, पन त्याले जगवनं रक्ताचं." शस्त्रक्रियेत पट्टा बांधून झाल्यावर डॉक्टर आत वाकून पाहायचे, शिरेत रक्त चालू आहे ना ते. तेवढा वेळ मामा एक शब्द बोलायचे नाहीत. "चालू आहे," असं डॉक्टर म्हणाले की मामा मोठ्यानं श्वास सोडायचे आणि पुन्हा सुरू.

बाळापूरची एक सून होती. पट्टा बांधून बाहेर आणली, सोबत सासरा. बाई हूं की चूं करीना. कसं वाटतं विचारलं तर बरं आहे म्हणे. मी पुढे गेले. मामा थांबले. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं होतं, तिनं खाटेचा गज घट्ट धरला होता. त्यांनी सासऱ्याला सांगितलं, "बुडेबा, चाहा पिऊन या, पोरीले कपडे बदलाचे हायेत." म्हातारा गेल्याबरोबर ती म्हणाली, "मामा, डोकं फुटून राह्यलं माह्यं." सासऱ्यासमोर दुखतंय म्हणून कसं सांगायचं, म्हणून गप्प होती. मामांनी मला हाक मारली, मी पट्टी उचलून बॅटरी दाखवली. बाईला उजेड दिसत नव्हता. डॉक्टर जेवण टाकून आले. डोळ्यातलं थोडं पाणी काढलं, पट्टा सैल केला. अर्ध्या तासात तिनं डॉक्टरांची बोटं मोजली. मामा बाहेर व्हरांड्यात जाऊन गमछ्यात तोंड घालून बसले होते. मी म्हटलं, "मामा, वाचला डोळा." ते म्हणाले, "मालूम हाये. थोडं बसू द्या."

अशा माणसाच्या हातून ते झालं. हातून म्हणते, पण मला नीट सांगायला पाहिजे.

घरी जाणाऱ्या पेशंटला आम्ही एक कागद द्यायचो. तो कागद वरून कुठून तरी आलेला, त्यात 'शीर्षस्थिती अधोमुख ठेवावी' असली भाषा. मी त्या वर्षी डॉक्टरांकडून परवानगी घेतली आणि मामांना घेऊन कॅन्टीनमध्ये बसले. मामा सांगतील तसं मी लिहीत होते. फार मजा आली त्या दुपारी. एक ओळ होती, 'वायू असेपर्यंत विमानप्रवास करू नये.' मामा म्हणाले, "आपल्या पेशंटले इमानाचं काय सांगता ताई? एसटीत टेकाले जागा भेटली तं खूप झालं." मी हसले. लाल पेन माझ्या हातात होतं. मी ती ओळ खोडली.

आता ऐका. विमान का नको, हे मामांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. मी परीक्षेत लिहिलं होतं. माणूस उंच गेला की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, डोळ्यातला वायू फुगतो, डोळा आतून ताठतो आणि रक्त आत शिरत नाही. विमानाशी त्याचा काही संबंध नाही, संबंध उंचीशी आहे. हे सगळं मला पाठ होतं आणि ओळ खोडताना त्यातलं एक अक्षर मला आठवलं नाही. आमच्याकडे अकोला, अमरावती, सगळी काळ्या मातीची सपाट जमीन. उंच म्हणून काही आहे, हेच डोक्यात नाही.

पण आहे ना. परतवाड्याच्या पुढे घाट आहे आणि घाटावर चिखलदरा आहे.

सुखलाल तिथल्या एका वाडीचा. कोरकू आदिवासी माणूस, जंगलखात्यात रोजंदारीवर, उन्हाळ्यात वणव्यावर नजर ठेवायची हे त्याचं काम. एक डोळा लहानपणीच काटा लागून गेलेला, दुसऱ्याचा पडदा सुटला म्हणून बायको फुलवंती त्याला घेऊन आली. त्याच्यासारखा पेशंट मी पाहिला नाही. नऊ दिवस पालथा. कण्हला नाही, कुरकुरला नाही. मामा त्याला चिखलदराच म्हणायचे. "चिखलदरा, तू माह्याहून चांगला झोपते." नवव्या दिवशी डॉक्टरांनी पाहिलं, पडदा चिकटला होता, वायू अजून थोडा आत होता. सुखलालनं फुलवंतीच्या लुगड्याचा रंग सांगितला. डॉक्टर म्हणाले, जा घरी, दहा दिवसांनी दाखव. मामांनी जमिनीवर झोपून सगळ्या सूचना सांगितल्या, एकही विसरले नाहीत. कागदावर होत्या तेवढ्या सगळ्या. मग स्वतः स्टँडवर जाऊन त्यांना परतवाड्याच्या गाडीत बसवून आले.

घाटाच्या मध्यावर सुखलालला उलटी झाली. फुलवंतीला वाटलं गाडी लागली. वाडीवर पोचेपर्यंत त्याला दिसायचं बंद झालं होतं. मिळेल त्या गाडीनं ती त्याला घेऊन परत यायला निघाली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात. डॉक्टरांनी वायू काढला, दाब उतरवला. वेळ निघून गेली होती.

आमच्याकडे एक यंत्र आहे, त्यात डोळ्यातलं रक्त कुठून कुठे फिरतं त्याचं चित्र दिसतं. बारीक बारीक फांद्या असतात, भरगच्च. मामांनी मला म्हटलं, दाखवा. मी यंत्रावर सुखलालच्या डोळ्याचं चित्र लावलं. काळं होतं. मामांनी त्यावर बोट ठेवलं.

"इथं रक्तच नाई?"

"नाही मामा."

"पन पडदा तं जागेवर हाये."

"हो. अगदी जागेवर."

डॉक्टरांनी संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं. हातात तो कागद. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "यातली विमानाची ओळ कुणी काढली?" मी दोन पावलांवर उभी होते. कागदाखाली माझी सही होती, पण ती 'तयार करणार' म्हणून. मामा म्हणाले, "म्या. म्याच म्हनलं इमानाचं नका लिहू." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग डॉक्टर म्हणाले, "घरी सोडायची सही माझी आहे. तू कुठं राहतो हे मी त्याला विचारायला पाहिजे होतं." त्यावर मामा जे बोलले ते अजून माझ्या कानात आहे. "तुमाले माहीत नवतं साहेब. मले माहीत होतं. नऊ दिवस मी त्याले त्याच नावानं हाक मारून राह्यलो. अन् मी अचलपूरचा हावो. त्या घाटात लहानपनापासून माह्ये कान बंद होतात. मंग डोयाचं काहून नाई सुचलं मले?"

ओळ मी खोडली हे तेव्हाही मी सांगितलं नाही. माझी नोकरी तीन वर्षांची होती, बाबा अमरावतीला आजारी होते, ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी मी फक्त भ्याले.

कागद नवा छापला. त्यात ठळक अक्षरांत घाट आला, चिखलदरा आलं. पण मामांनी सूचना सांगणं सोडलं. "माह्या तोंडाचा भरोसा नाई आता," म्हणाले. डॉक्टरांनी समजावलं, मी हात जोडले, उपयोग नाही. स्ट्रेचर ढकलायचे, चादरी बदलायचे, आणि पेशंटला काहीच म्हणायचे नाहीत, नाव नाही की गाव नाही. सूचना मी सांगायला लागले. गमछ्याऐवजी ओढणी घडी करून पालथी झोपायला लागले, पण माझं ऐकून कुणी हसायचं नाही.

दर महिन्याला एका रजेच्या दिवशी मामा पहाटेची गाडी धरून अकोट, अंजनगाव, परतवाडा करत घाट चढायचे. सुखलालचा डोळा आंधळा झाला तरी दुखायचा, त्याचे ड्रॉप घेऊन जायचे. पहिल्यांदा गेले ते फुलवंतीसाठी. तिच्या मनानं घेतलं होतं की गाडीत उलटी होताना आपण नवऱ्याचं डोकं वर धरलं म्हणून डोळा गेला. मामांनी तिला सांगितलं, "तुह्यी चूक नाई बाई. माह्यी हाये." तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या महिन्यात पाणी दिलं, तिसऱ्या महिन्यात चहा. हे मला मामांनी नाही सांगितलं, ते ज्याच्याकडून ड्रॉप घ्यायचे त्या परतवाड्याच्या औषधवाल्यानं एकदा फोनवर सांगितलं.

त्यांची नोकरी संपायला थोडे दिवस होते तेव्हा मी म्हटलं, मीही येते. मनात ठरवलं होतं की फुलवंतीसमोर सांगून टाकायचं. मामा "या" म्हणाले, का म्हणून विचारलं नाही.

घाटात माझे कान बंद झाले. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं.

सुखलाल ओट्यावर मक्याची कणसं सोलत बसला होता. चेहरा आवाजाच्या दिशेनं वळवून हसला. मामांनी ड्रॉप फुलवंतीच्या हातात दिले. चहा झाला. मी तोंड उघडायच्या आत सुखलालच बोलला. हातातलं कणीस बाजूला ठेवून, अगदी हळू.

"मामा, एक बात बोलू? राग नका मानू."

"बोल ना बाबू."

"तुमी येता तवा फुलवंती दोन दिवस जेवत नाई. मले बी झोप लागत नाई. महिनाभर आमी भुलतो, तुमी आले का तो दिवस पुन्ना घरात येते." त्यानं कणीस पुन्हा हातात घेतलं. "तुमी चांगले हा. पन आता नका येत जाऊ."

फुलवंती दाराशी उभी होती. ती नाही म्हणाली नाही.

मामा म्हणाले, "बरं." मग, "ड्रॉप?"

"पोरगी आनते परतवाड्याहून."

"थंड जागेत ठेवाचे."

"हाव."

मला काय बोलायचं होतं ते त्या ओट्यावर बोलायची आता सोयच उरली नव्हती. आणखी एक माणूस येऊन तोच दिवस त्यांच्या घरात पुन्हा आणणार, एवढंच झालं असतं. आम्ही उठलो. सुखलालनं हात पुढे केला. मामांनी तो दोन्ही हातांत धरला, आणि मग सुखलालनंच सोडवून घेतला.

उतरताना गाडीत मी बोलले. "मामा, ती ओळ मी खोडली होती. आणि कारण मला माहीत होतं. उंचीचं. मी शिकले होते."

मामांनी मान फिरवली. मला वाटलं रागावले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मंग त्या दिवशी काहून नाई बोलल्या?"

"भ्याले."

"हं." त्यांनी गमछा मांडीवर घेतला, त्याची घडी केली, मोडली. "तुमाले वाटत असंन म्या तुमाले वाचोलं. तसं नाई ताई. मले तवा तुमची यादबी नाई आली. कागद कोन वाचते? लोकं माह्या तोंडाकडं पाह्यत होते. तो बी माह्याच तोंडाकडं पाह्यत होता."

मी दोन वर्षं उराशी धरून बसले होते की मामांनी माझा गुन्हा आपल्यावर घेतला. त्यांच्या दुःखात मी कुठे नव्हतेच. मला रडू आलं, आणि मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. त्यांच्यापाशी तेवढं शिल्लक नव्हतं, मला कळत होतं.

परतवाड्याला ते उतरले. रात्री अचलपूरला भावाकडे राहायचं होतं. माझी अकोल्याची गाडी लागलेलीच होती. "जेवून घ्या, अंजनगावले गाडी थांबते," एवढं म्हणाले.

मी खिडकीत बसले. मामा स्टँडवर उभे होते, हातात रिकामी पिशवी. पलीकडच्या फलाटावर चिखलदऱ्याला वर जाणारी शेवटची एसटी निघायच्या बेतात होती. मामा चालत तिच्यापर्यंत गेले. दाराचा दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला. आतून कंडक्टरनं काहीतरी विचारलं, कुठं जायचं असंच विचारलं असणार. मामा त्याच्याकडे पाहत राहिले. मग पाय खाली घेतला आणि दांडा सोडला. गाडी गेली. मामा तिथंच उभे होते, आणि माझी गाडी वळेपर्यंत तिथून हलले नाहीत.